अडतीस हिवाळ्यांचं घर

आमच्या 'तळघर' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सकाळी एक लिंक येऊन पडली. हा ग्रुप म्हणजे काकांच्या तळघरात कधी ना कधी भाड्याने राहिलेल्या पोरापोरींचा. आता कुणी बेलव्ह्यूला आहे, कुणी सांता क्लाराला. मी मात्र इथेच, बॉस्टनच्या आसपास घुटमळत राहिले. लिंक एका घराच्या जाहिरातीची होती. 'रिनोव्हेटेड व्हिक्टोरियन रो-हाउस, तीन बेडरूम, मूळचं लाकूडकाम, स्टेशनपासून पाच मिनिटं.' खाली वीसेक फोटो. फोटो बघताना त्या 'रिनोव्हेटेड' शब्दावर हसू आलं. अडतीस हिवाळे एक माणूस त्या घराशी झटला आणि जाहिरात लिहिणारीने त्याची एका शब्दात बोळवण केली.

"काका घर विकतायत? नो वे यार!" बेलव्ह्यूवाल्याने लिहिलं.

"विकत घेणाऱ्यांचा इंटरव्ह्यू कोण घेणार?" सांता क्लारावालीने विचारलं.

सगळ्यांनी खाली हसरे चेहरे टाकले. मी टाकला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

काकांनी माझाही इंटरव्ह्यू घेतला होता. मी नागपूरहून नुकतीच आलेली. दोन बॅगा, नवी नोकरी, आणि डोक्यावर छप्पर हवं एवढीच मागणी. नोकरी कुठे, पगार किती, मागून कोण येणार आहे, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. कानावर पेन्सिल, अंगात कोपरांवर ठिगळं लावलेला स्वेटर, अशा अवतारात त्यांनी मला दारातच उभं केलं आणि म्हणाले, "भिंतीतून ठक् ठक् आवाज आला तर काय करशील?"

"तुम्हाला फोन करीन, काका."

"चूक. आधी भिंतीला हात लावून बघायचं, आवाज कुठून येतोय ते. मग फोन."

"आणि हात लावून नाही कळलं तर?"

"तर दुसरा हात लावायचा."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरगी कुडकुडतेय तिकडे! आधी आत घ्या, मग परीक्षा घ्या." परीक्षेत मी नापासच झाले होते, पण काकूंनी ग्रेस मार्क दिले आणि मी चार वर्षं त्या तळघरात राहिले.

तिथे उतरल्यावर कळलं की या घरात राहायचं तर आधी ते वाचावं लागतं. जिथे तिथे मास्किंग टेपच्या पट्ट्या आणि त्यांवर काकांचं टपोरं मराठी अक्षर. बॉयलरवर लिहिलं होतं, 'हा गुरगुरतो. घाबरू नये.' नळाच्या कॉकवर, 'डावीकडे फिरवणे. म्हणजे तुमच्या डावीकडे.' खिडकीवर, 'उघडते, पण मनधरणी लागते.' जिन्याखाली एक पितळी बटण होतं, त्यावर, 'याने काय होते ते अजून कळलेले नाही.' 'अजून' म्हणजे तेव्हा सुमारे वीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, "काका, काढून टाका ना मग." तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याला काढून टाका म्हटलंय.

घर तसं फार मोठं नाही. लाल विटांच्या नऊ घरांची एक रांग, भिंतीला भिंत लावून उभी, आणि प्रत्येक घराचा दर्शनी भाग पोट सुटल्यासारखा पुढे आलेला. काकांचं त्यातलं चौथं. त्यांच्या पिढीतले मराठी डॉक्टर-इंजिनिअर जरा हातपाय पसरल्यावर श्रूजबरीसारख्या ठिकाणी गेले, नवी कोरी घरं, दोन गाड्यांचं गॅरेज, पुढे हिरवळ. काका पंपांच्या कंपनीत इंजिनिअर होते, त्यांनाही ते परवडलं असतं. पण हे घर बघायला गेले तेव्हा जिन्याच्या कठड्यावर सात थर रंग चढलेला होता. काकांनी नखाने खरवडून बघितलं, खाली अक्रोडाचं लाकूड लागलं, आणि ते तिथल्या तिथे दलालाला हो म्हणाले. त्या वेळी काकू अजून वरच्या मजल्यावर पोचल्यासुद्धा नव्हत्या. त्या पोचल्या तेव्हा पुढच्या खोलीतल्या गोलाकार खिडकीत उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "इथे झोपाळा हवा."

"करू की," काका म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात."

एक हिवाळा, एक काम, हा काकांचा नियम. उन्हाळाभर विचार करायचा आणि बर्फ पडायला लागला की ऑफिसातून आल्यावर हत्यारं काढायची. एक हिवाळा छप्पर, एक नळ, एक वायरी. एका हिवाळ्यात स्वयंपाकघर उखडलेलं होतं तेव्हा काकूंनी तीन महिने बाथरूमच्या बेसिनजवळ शेगडी मांडून पोळ्या लाटल्या, आणि त्याही काळात त्यांच्याकडे हळदीकुंकू झालं. बायका रंगाच्या उपड्या डब्यांवर बसल्या होत्या, असं सांगतात. कंत्राटदार मात्र त्या घराचा उंबरा कधी ओलांडू शकला नाही. "त्यांना घाई असते," काका म्हणायचे. "घाईत मारलेला खिळा दोनदा काढावा लागतो." हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की ऑफिसात कोड घाईने रिलीज करायची वेळ आली की माझ्याही तोंडून निघतं. माझा मॅनेजर विचारतो, व्हॉट नेल?

काकांच्या कोटाच्या खिशात कायम एक छोटी पाणसळ असायची. गवंडी वापरतात ना, हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली पट्टी, तीच. तिच्यामुळे श्रूजबरीला एकदा अनर्थ ओढवला. कुणाचीतरी वास्तुशांत होती. घर नुकतंच बांधून झालेलं, चारशे दिवे, पांढराशुभ्र किचन-आयलंड, म्हणजे मधोमधचा ओटा, त्यावर कलश मांडलेला. गुरुजी संकल्प सांगत होते आणि काकांनी हळूच खिशातून पाणसळ काढून कलशाशेजारी ठेवली. बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला. काकांनी ती फिरवून ठेवली. बुडबुडा दुसऱ्या बाजूला. मग ते वाकून गुरुजींच्या कानात म्हणाले, "वास्तू शांत आहे, पण सपाट नाही." गुरुजी मुंबईचे, विनोदाला पक्के, त्यांना पुढची पाच मिनिटं मंत्र म्हणता येईना. यजमानांनी मात्र दोन वर्षं काकांना बोलावलं नाही. तिसऱ्या वर्षी त्यांच्या किचनमधली फरशी तडकली, तेव्हा फोन आला. काका पाणसळ आणि ओळंबा दोन्ही घेऊन गेले, आणि परत येताना "मी सांगितलं होतं" हे एकदाही म्हणाले नाहीत. ते सगळं वाटभर काकू म्हणाल्या.

आता ज्या गोष्टीबद्दल मला काकांचा खरोखर राग आला होता, ती सांगते.

काकूंचे गुडघे गेले. ऑपरेशन एकाचं झालं, ते म्हणावं तसं जमलं नाही, दुसऱ्याला हृदयाचे डॉक्टर परवानगी देईनात. सतरा पायऱ्यांचा उभा सरळ जिना, त्या चढणार कशा? मुलगी श्रूजबरीला असते. तिने सगळी चौकशी करून ठेवली. जिन्यावर रूळ बसवतात, त्यावरून खुर्ची वर जाते, बटण दाबलं की झालं. माणसं ती बसवायला आली तेव्हा काकांनी विचारलं, रूळ कशावर बसवणार? पायऱ्यांवर, त्यांनी सांगितलं, स्क्रूने. काकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

त्या पायऱ्या काकांनी तीन हिवाळे खर्चून हाताने घासल्या होत्या. जिन्यात एक नवा खिळा मारला नव्हता. मुलगी चिडून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ स्टेअरकेस!" आणि ते वाक्य काकांना इतकं लागलं की पुढचं बोलणंच खुंटलं. शेवटी काकूच म्हणाल्या, "राहू दे गं. मला खाली काय कमी आहे?" डायनिंग रूममध्ये पलंग आला, आणि काकू त्यानंतर दोन वर्षं स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर गेल्या नाहीत. मी त्या वेळी तळघर सोडून गेले होते, तरी दर पंधरवड्याला जायची. दर वेळी तो चकचकीत कठडा बघून माझं डोकं फिरायचं. चांगल्या माणसाचा हट्ट वाईट माणसाच्या हट्टापेक्षा जास्त त्रास देतो, कारण त्याला धड शिव्याही घालता येत नाहीत.

तर घर विकायला काढलं ते यामुळे. मुलीच्या घराजवळ निवृत्त लोकांच्या वसाहतीत एक फ्लॅट मिळत होता. सगळं एका पातळीवर, उंबरासुद्धा नाही. पण नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत होकार कळवायचा होता, आणि तो होकार हे घर विकल्याशिवाय देता येत नव्हता. नाहीतर फ्लॅट जाणार, आणि काकूंचा आणखी एक हिवाळा त्या डायनिंग रूममध्ये. सप्टेंबर उजाडला तेव्हा मुलीने मला फोन केला. "तू त्यांच्या तळघरात राहिलीयस, ते तुझं ऐकतात. प्लीज, ओपन हाउसच्या दिवशी बाबांना घराबाहेर काढ."

ओपन हाउस म्हणजे रविवारी दोन तास दार उघडं ठेवायचं, कुणीही यावं आणि घर बघून जावं. घरमालकाने त्या वेळी घरात थांबायचं नसतं. दलाल लिंडा नावाची होती, जाहिरात तिनेच लिहिलेली, बाई हुशार आणि गोड. तिने हे काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते अवाक् झाले. "घरी पाहुणे येणार आणि आपण बाहेर जायचं? ही कुठली रीत?"

पहिल्या रविवारी ते गेलेच नाहीत. लिंडा ओव्हनमध्ये बिस्किटं भाजायला आली, घरात छान वास हवा म्हणून. तर काकूंनी तीस माणसांचे पोहे आधीच फोडणीला टाकलेले. लिंडाने अगदी हळुवारपणे सगळ्या खिडक्या उघडल्या. "तिने बिस्किटं भाजली तर तो अरोमा, आणि मी पोहे केले तर खिडक्या उघडायच्या काय?" काकूंनी मला मराठीतून विचारलं. काका दारात उभे. येईल त्याला आधी बूट काढायला लावत होते, म्हणून बाहेरच्या पायऱ्यांवर बुटांचा ढीग, आणि येणारेजाणारे वळून बघतायत की आत कोण गेलं.

मग काकांनी पाहुण्यांना घर दाखवलं. घर म्हणजे घराचे दोष. "ही भिंत पाव इंच झुकलेली आहे. हिला सरळ करायला जाऊ नका, शेजाऱ्याची भिंत पडेल." "या रेडिएटरवर वर्षातून दोनदा मेहनत घ्यावी लागते. तुमच्या हाताला सवय आहे का? दाखवा हात." एक तरुण जोडपं अगदी खुशीत होतं. तो म्हणाला, वी लव्ह इट. काका प्रेमाने म्हणाले, "पहिल्या हिवाळ्यात रडाल तुम्ही." ते गेले ते गेलेच. नंतर मी काकांवर खेकसले तर ते शांतपणे म्हणाले, "मुलगी द्यायची तर तिची खोड आधी सांगावी. नंतर कळली तर माहेरचं नाव जातं."

दुसऱ्या रविवारी मी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि हार्डवेअरच्या दुकानात नेलं. जगात तेवढी एकच जागा अशी की जिथे ते दोन तास तक्रार न करता राहतील. मला वाटलं, जिंकले. स्क्रूंच्या विभागात एक माणूस खिडकीच्या फटी बुजवायच्या ट्यूब हातात घेऊन गोंधळून उभा होता. काकांनी त्याला कुठली घ्यायची ते सांगितलं. तो खूश झाला, म्हणाला, इथे वरच्या गल्लीत एक जुनं घर बघायला आलोय, आवडलंय, आज ऑफर देणार. काकांनी विचारलं, "कुठलं? विटांच्या रांगेतलं चौथं का?" आणि मी मध्ये पडायच्या आत त्याला छपराचा सगळा इतिहास ऐकवला. ऑफर आली नाही.

पण लिंडाची खरी तक्रार वेगळीच होती. वरच्या मजल्यावरची पुढची खोली बंद होती आणि किल्ली काकांच्या खिशात. जाहिरातीत तीन बेडरूम, आणि बघायला मिळतात दोनच. "तिसऱ्या खोलीत काय आहे, असं लोक मला विचारतात. मी काय सांगू? आय डोन्ट नो मायसेल्फ!" ती म्हणाली. ऑक्टोबर अर्धा सरला होता. लिंडा गेल्यावर मी काकांना वर नेलं आणि त्या दारासमोर उभं राहून हात पुढे केला. "किल्ली द्या."

त्यांनी खूप वेळ कानावरची पेन्सिल चाचपली. मग स्वतःच दार उघडलं.

गोल खिडकीतून दुपारचं ऊन आत आलेलं आणि मधोमध शिसवासारख्या गडद लाकडाचा झोपाळा, पितळी कड्यांवर टांगलेला. त्या कड्या मी ओळखल्या. काकूंनी पहिल्या भारतभेटीत परत येताना बॅगेत घालून आणलेल्या. माझ्या तळघरातल्या ट्रंकेत कापडात गुंडाळून पडलेल्या असायच्या. पहिल्या पस्तीस हिवाळ्यांत या खोलीची पाळी कधी आलीच नव्हती. आधी छप्पर गळायचं, मग नळ फुटायचे, आणि छताच्या तुळया झोपाळ्याचं वजन पेलतील का, हे उघडून बघितल्याशिवाय हा माणूस हूक लावणार नव्हता.

"कधी केलंत?"

"ती वर यायची थांबली, त्या हिवाळ्यात."

ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "लिंडा म्हणते लोकांना दाखवा. दाखवीन. पण जिच्यासाठी केला तिने बघितला नाही आणि रविवारच्या परक्यांनी आधी बघायचा? बुटांसकट?"

"मग काकूंना दाखवा ना!"

"ती म्हणते, उचलून नेलंत तर जीव देईन. एक-दोनदा विचारलं मी."

"फोनवर फोटो?"

"खोली फोटोत बघायची नसते."

तेव्हा मात्र माझा इतक्या दिवसांचा संताप बाहेर आला. मी म्हटलं, "काका, तुम्ही त्या पायऱ्यांना भोकं पाडू दिली नाहीत, तेव्हाच ठरलं की काकू हा झोपाळा बघणार नाहीत. आता पाहुण्यांवर कशाला रागावता? जिना जपलात तुम्ही, काकूंना नाही." बोलून गेले आणि लगेच वाटलं, जीभ चावावी. त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि खाली गेले. घरी जाताना मी गाडीत रडले. वडिलांच्या वयाच्या माणसाला असं बोलतात का?

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "ड्रिल धरता येतं ना तुला? शनिवारी ये. हिला मुलीकडे धाडलंय दुपारपर्यंत."

एका दिवंगत डॉक्टरांच्या घरातली, वापरात नसलेली खुर्ची आणि रूळ त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून मिळवला होता. रूळ लांब होता, तो कापून आणलेला. पायऱ्यांवर पेन्सिलीने सोळा खुणा आधीच केलेल्या होत्या. काका पहिल्या खुणेवर ड्रिल टेकवून बसले आणि बसूनच राहिले. मी म्हटलं, "मी करू का?" ते म्हणाले, "नाही. ही भोकं माझी आहेत." मग ड्रिल सुरू झालं आणि पायरीतून बारीक पिवळसर भुसा वर आला. सोळाच्या सोळा भोकं त्यांनी स्वतः पाडली. प्रत्येक भोकानंतर भुसा फुंकून बाजूला करायचे आणि पुढच्या पायरीवर सरकायचे. दहाव्या भोकापर्यंत त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, अकराव्याला ते शीळ घालायला लागले. मी त्यांना शीळ घालताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पहिली स्वारी माझी झाली. काकूंच्या वजनाची भरपाई म्हणून माझ्या मांडीवर तांदळाची एक गोणी दिली. (मी अर्थातच आक्षेप घेतला नाही, पण काकूंना हे कधी सांगितलेलं नाही.) तीन वेळा वर, तीन वेळा खाली. चौथ्यांदा त्यांनी मला मध्येच थांबवून खुर्चीच्या हातावर पाणसळ धरली. लिंडा नेमकी तेव्हाच कागद द्यायला आली, आणि विकाऊ घराच्या ऐतिहासिक जिन्यावर ठोकलेला तो रूळ आणि त्यावर तांदूळ घेऊन अधांतरी बसलेली मी, हे बघून तिने दाराची चौकट धरली. "पण का? आत्ता का?" तिने विचारलं. काका म्हणाले, "उशीर झालाय म्हणून."

घर पुढे थँक्सगिव्हिंगच्या दहा दिवस आधी विकलं गेलं, सगळे दोष ऐकून घेऊन, वर आणखी प्रश्न विचारणाऱ्या एका शाळामास्तरणीला. फ्लॅट मिळाला. ते सगळं रीतसर झालं आणि रीतसर गोष्टींत सांगण्यासारखं काही नसतं. मला सांगायची आहे ती त्या शनिवारची दुपार.

काकूंना मुलीने आणून सोडलं. त्या काठी टेकत आत आल्या, जिना बघितला, काकांकडे बघितलं, आणि पुन्हा जिना बघितला. "हे कुणी केलं?"

"मी."

"तुम्ही? पायऱ्यांना भोकं?"

"सोळा."

त्या आत गेल्या, आणि आम्ही ताटकळत उभे. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या रेशमी साडी नेसून, ताजं कुंकू लावून. खुर्चीत बसल्या, पट्टा लावून घेतला आणि बटण दाबलं. खुर्ची घुर्र करत निघाली. काका एक हात कठड्यावर आणि एक खुर्चीच्या पाठीवर ठेवून शेजारून एकेक पायरी चढत होते. "एवढी हळू तर आपली वरातही नव्हती," काकू म्हणाल्या. मुलगी खालून फोनवर शूटिंग करत होती, आणि मधूनच तिला डोळे पुसावे लागत होते, त्यामुळे त्या व्हिडिओत बराच वेळ नुसता छताचा कोपरा दिसतो.

वर पोचल्यावर काकांनी दार उघडलं. काकू उंबऱ्यात थांबल्या. मग काकांच्या दंडाला धरून पाच-सहा पावलं चालल्या, कड्यांवरून बोटं फिरवली आणि जपून झोपाळ्यावर टेकल्या.

"तुला सरप्राइज द्यायचं होतं," काका म्हणाले.

"कसलं सरप्राइज? दोन वर्षं मी बरोबर या खोलीच्या खाली झोपतेय. छत उघडलंत तेव्हा ठोकाठोक ऐकली, कड्या वाजल्या त्याही ऐकल्या. त्यांचा आवाज मला नाही का ओळखू येणार? आणि रोज जेवण झालं की तुम्ही वर येऊन बसता. अर्धा अर्धा तास करकर ऐकू येते मला."

काका कानापर्यंत लाल झाले. "टेस्टिंग करत होतो."

"दोन वर्षं?"

मान खाली घालून, आम्हाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, "भोकं तेव्हाच पाडायला हवी होती गं."

"हो, हवी होती," काकू म्हणाल्या. 'जाऊ दे' म्हणाल्या नाहीत, आणि मला ते फार आवडलं. "आता ढकला. माझ्या गुडघ्यांनी नाही व्हायचं."

काका मागे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी झोपाळा ढकलला. काकू खिडकीच्या उन्हात पुढे आल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. खालची गल्ली, समोरची झाडं, वाटेने जाणारी माणसं, सगळं त्यांनी सावकाश बघून घेतलं. मग पदर सारखा केला आणि वळून मला म्हणाल्या, "त्या लिंडाला सांग, उद्या आण म्हणावं कुणाला आणायचं ते. मी आधी बघितलंय."